युद्धाचे छायाचित्र : उघडे कोण, झाकलेले कोण?

युद्धाचे छायाचित्र हा पुरावा असतो. पण तो कोणी, कोणाच्या परवानगीने गोळा केला हे विचारल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही. आमच्या अलोरे परिसरातील बौद्धवाड्यांत फौजेत गेलेल्या आजा-पणजांचे फोटो भिंतींवर दिसतात. गणवेश, पदके, ताठ मान, सारे स्टुडिओतले. ते ज्या लढाया लढले त्यांचा एकही फोटो मी या घरांत पाहिलेला नाही.

१८५५ मध्ये रॉजर फेंटन हा इंग्रज छायाचित्रकार क्रिमियाच्या युद्धावर गेला. त्या काळी काचेवर चित्र उमटायला कित्येक सेकंद लागत, त्यामुळे चकमक टिपणे अशक्यच होते. पण मृतदेह काही हलत नाहीत. तरीही फेंटनने ते दाखवले नाहीत. १८५८ मध्ये फेलिचे बेआतो लखनौला आला. सिकंदरबागेत आदल्या नोव्हेंबरात मारल्या गेलेल्या बंडवाल्या शिपायांची हाडे अंगणात विखुरलेली त्याने टिपली. ती चित्रासाठी मुद्दाम मांडली होती, असे अनेक अभ्यासक मानतात. राज्यकर्त्यांचे मृत झाकलेले, जितांचे उघडे. तंत्र एक, नियम दोन.

१९७१ च्या बांगलादेश युद्धात किशोर पारेख कोणाच्याही नेमणुकीशिवाय गेले व त्यांनी ६७ छायाचित्रांतून सामान्यांचे हाल मांडले. त्याच डिसेंबरात ढाक्यात बंदिवानांना संगिनींनी भोसकले जात असताना काही छायाचित्रकार, हे कॅमेऱ्यासाठीच चालले आहे असे वाटून, निघून गेले. हॉर्स्ट फास व मिशेल लॉराँ थांबले. त्यांना १९७२ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. निघून गेलेल्यांमुळे हत्या थांबल्या नाहीत. थांबलेल्यांमुळे त्या जगाला कळल्या. साक्षीची किंमतही मोठी असते. रॉयटर्ससाठी मुंबईतही काम केलेले दानिश सिद्दीकी १६ जुलै २०२१ रोजी अफगाणिस्तानात स्पिन बोल्डक येथे मारले गेले.

मग कोणीच न पुकारलेल्या युद्धाचे काय? २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. प्रस्थापित वृत्तपत्रांनी सुरुवातीला तिची पुरेशी दखल घेतली नाही. मृतदेहांची छायाचित्रे वस्त्यावस्त्यांतून हातोहात फिरली आणि नोव्हेंबरात समाज रस्त्यावर उतरला. ही चित्रे नसती तर आमच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवला असता? पण त्याच चित्रांत आमच्या मायलेकींची विटंबना पुन्हा सर्वांसमोर आली, हेही तितकेच खरे.

म्हणून वर्गात मी विद्यार्थ्यांना छायाचित्रापुढे तीन प्रश्न विचारायला सांगतो. कॅमेरा कोणाच्या बाजूला उभा आहे? खालची ओळ कोणी लिहिली? आणि मारणारा कुठे आहे? असे चित्र दडपणे हा उपाय नव्हे. त्याने फायदा मारणाऱ्याचाच होतो. परंतु मेलेल्याचे नाव, त्याचे जगणे आणि त्याची प्रतिष्ठा चित्राबरोबर गेलीच पाहिजे. मेलेला उघडा आणि मारणारा चौकटीबाहेर, अशी स्थिती असेल तोवर तो पुरावा अर्धाच राहील. उरलेला अर्धा आपणच लिहायचा आहे.