फोटोच्या मागची बाजू

सहलीहून घरी आल्यावर काय होते? आई जेवायला वाढते, आजी विचारते, "पाय दुखतात का रे?" आणि मग सगळे म्हणतात, "फोटो दाखव पाहू." आज तुम्ही मोबाईल पुढे करता. पूर्वी फोटोंचे पाकीट एका हातातून दुसऱ्या हातात फिरत असे. कोणी विचारतो, "हे कुठले?" आपण लगेच सांगतो. दोन-तीन वर्षांनी तोच प्रश्न कोणी विचारला, तर मात्र आपण डोके खाजवू लागतो.

अशाच एका पाकिटाची हकीकत मी तुम्हांला सांगणार आहे.

आमच्या शेजारी एक चाचा राहतात. ते मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले. कोकण किनाऱ्यावरची कितीतरी माणसे पिढ्यान्‌पिढ्या जहाजांवर नोकरी करत आली आहेत. तुमच्यापैकी काहींना हे घरातूनच ठाऊक असेल. चाचांनीही वीस-बावीस वर्षे जहाजांच्या भटारखान्यात काढली. १९९८ च्या उन्हाळ्यात ते एका प्रवासी जहाजावर होते. ते जहाज अलास्काच्या किनाऱ्याने फिरत असे. त्या सफरीत चाचांनी एक आख्खे रीळ संपवले. छत्तीस फोटो!

मागच्या वर्षी एका रविवारी त्यांनी ते पाकीट काढले. मी उत्सुकतेने जवळ बसलो. पहिल्या फोटोत पांढरा डोंगर आणि करडे पाणी. दुसऱ्यात पांढरा डोंगर आणि करडे पाणी. तिसऱ्यातही तेच.

"चाचा, हा डोंगर कोणता?" मी विचारले.

"बर्फाचा," चाचा म्हणाले.

"आणि हा?"

"हा पण बर्फाचाच."

आता चाचांचे वय झाले आहे. नावे आठवत नाहीत. दहा-बारा फोटो पाहिल्यावर मला कंटाळा येऊ लागला, हे मी कबूल करतो. तेवढ्यात आठवीत शिकणारी त्यांची नात आली. तिने एक फोटो सहज उलटा केला आणि ती म्हणाली, "दादाजान, यावर तर तुम्ही लिहिले आहे!"

खरेच, मागे पेन्सिलीने उर्दूत बारीक अक्षरांत काही ओळी होत्या. मला उर्दू वाचता येत नाही. ती वाचू लागली आणि मला मराठीत सांगू लागली. छत्तीसपैकी नऊ फोटोंच्या मागे असे लिहिलेले निघाले. "नऊ लिहून झाले आणि भटारखान्यातून बोलावणे आले," चाचा हसून म्हणाले. उरलेले सत्तावीस तसेच राहिले.

त्या नऊ फोटोंनी मला जे दाखवले, ते आता तुम्ही पाहा.

पहिल्या फोटोमागे एवढेच होते : "१८ जून. जुनोच्या पुढे. रात्री दहा वाजले तरी उजेड." अलास्का हे अमेरिकेचे सर्वांत मोठे राज्य. अमेरिकेने ते १८६७ साली रशियाकडून विकत घेतले. जुनो ही त्याची राजधानी. या राजधानीला बाहेरून एकही रस्ता येत नाही. तेथे जायचे तर जहाजाने किंवा विमानाने. किनाऱ्यासमोर शेकडो बेटे आहेत. बेटे आणि मुख्य भूमी यांच्यामधून समुद्राची एक चिंचोळी वाट जाते. बेटांमुळे महासागराच्या मोठ्या लाटा आत येत नाहीत, म्हणून प्रवासी जहाजे या वाटेने जातात. हा प्रदेश पृथ्वीच्या बराच उत्तरेला आहे. त्यामुळे जून महिन्यात येथे सुमारे अठरा तासांचा दिवस असतो. रात्री दहा वाजता उजेड का होता, ते आता तुमच्या लक्षात आले असेल.

दुसऱ्या फोटोत एका लहान होडीतून एक माणूस शिडीने जहाजावर चढत होता. मागे लिहिले होते : "१९ जून, सकाळ. ग्लेशियर बे. सरकारी माणूस आला. दिवसभर प्रवाशांना माहिती सांगणार." ग्लेशियर बे म्हणजे हिमनद्यांची खाडी. १९८० पासून ते राष्ट्रीय उद्यान आहे. तेथे दिवसाला दोनच मोठ्या प्रवासी जहाजांना प्रवेश मिळतो. उद्यानाचे रक्षक जहाजावर येतात आणि सगळी माहिती देतात.

हिमनदी म्हणजे काय? डोंगरावर पडलेला बर्फ उन्हाळ्यात पुरता वितळत नाही. दर वर्षी त्यावर नवा थर बसतो. वरच्या वजनाने खालचे थर दाबले जातात आणि त्यांचा घट्ट बर्फ होतो. हा बर्फ आपल्याच वजनाने उतारावरून हळूहळू सरकू लागतो. तिला नदी म्हणतात खरे, पण तिचे वाहणे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. सरकताना ती खालचा खडक घासते. त्या खडकाचे पिठासारखे बारीक चूर्ण पाण्यात मिसळते. सगळ्या फोटोंत पाणी करडे होते, ते यामुळेच. मला वाटले होते की फोटोच जुने होऊन फिके पडले आहेत!

चौथा फोटो मी बराच वेळ हातात धरून बसलो. त्यात बर्फाची एक सरळ उभी भिंत होती, आणि तिच्यासमोर दुसरे एक जहाज. ते जहाज काडेपेटीसारखे दिसत होते. मागे लिहिले होते : "मार्जरी. आमच्याएवढेच जहाज. बघा केवढे दिसते!" आधीच्या बारा फोटोंनी मला जे सांगितले नव्हते, ते या एका फोटोने सांगितले. मार्जरी हिमनदीची समुद्राकडची भिंत पाण्यावर सुमारे २५० फूट उंच आणि दीड किलोमीटरहून अधिक रुंद होती. म्हणजे वीसमजली इमारतीहून उंच. पण शेजारी माप नसेल, तर डोळ्यांना ती उंची कळत नाही. तुम्ही किल्ल्याच्या बुरुजाचा फोटो काढाल, तेव्हा पायथ्याशी कोणाला तरी उभे करा.

त्याच भिंतीच्या एका भेगेत गडद निळा रंग दिसत होता. बर्फ तर पांढरा, मग हा निळा कसा? साध्या बर्फात हवेचे असंख्य बुडबुडे असतात. त्यांच्यावर आपटून प्रकाशाचे सगळे रंग विखुरतात, म्हणून तो पांढरा दिसतो. हिमनदीच्या दाबलेल्या बर्फात बुडबुडे फार थोडे उरतात. प्रकाश खोल आत शिरतो. बर्फ त्यातला तांबडा भाग शोषून घेतो आणि निळा भाग आपल्यापर्यंत येतो.

आता पाचवा फोटो. यात पाण्याचा एक पांढरा फवारा आहे, बाकी सगळे हललेले. कोणीही तो फेकून दिला असता. मागे होते : "१९ जून १९९८, दुपारी अडीच. बर्फ कोसळला. मी कांदे चिरत होतो, धावत वर आलो. आधी पडताना दिसला, आवाज मागून आला."

नातीने विचारले, "आवाज मागून कसा येईल?" चाचा म्हणाले, "मी पाहिले ते लिहिले." चाचांचे बरोबर होते. प्रकाश तत्क्षणी पोहोचतो. आवाजाला एक किलोमीटर जायला सुमारे तीन सेकंद लागतात. वीज चमकल्यावर गडगडाट उशिरा येतो, तसेच हे. त्या भागातले मूळ रहिवासी ट्लिंगिट लोक बर्फ कोसळण्याच्या आवाजाला 'पांढरा गडगडाट' म्हणतात.

या ट्लिंगिट लोकांपैकी हूना समाजाचे पूर्वज आज खाडी आहे तेथेच राहत होते. अठराव्या शतकात हिमनदी वेगाने पुढे आली आणि त्यांना आपली घरे सोडावी लागली. पुढे २०१६ साली खाडीच्या काठी त्यांचे सामुदायिक घर पुन्हा उभे राहिले. पर्यटकांच्या फोटोंत हिमनदी नेहमी रिकाम्या जागी दिसते. ती जागा रिकामी नव्हती.

सहाव्या फोटोत देवमाशाची शेपटी होती. तो हंपबॅक जातीचा होता. हे देवमासे हिवाळ्यात दूर हवाई बेटांकडे जातात आणि उन्हाळ्यात खाण्यासाठी अलास्काला येतात. त्यांच्या शेपटीच्या खालच्या बाजूला काळी-पांढरी नक्षी असते. आपल्या बोटांच्या ठशांप्रमाणे ती प्रत्येकाची वेगळी असते. शास्त्रज्ञ फोटोंवरून एकेक देवमासा ओळखतात आणि तो कधी, कोठे होता याची नोंद ठेवतात. पर्यटकांचे फोटोही त्यांच्या उपयोगी पडतात. मात्र फोटोबरोबर तारीख आणि ठिकाण हवे. चाचांच्या फोटोत शेपटी कडेने दिसते, नक्षी दिसतच नाही. तारीख मात्र चोख आहे.

उरलेल्या तिन्हींत बर्फच होता. मागे फक्त तारीख आणि जागा.

तुम्ही म्हणाल, बर्फाच्या फोटोवर तारीख कशाला? आज आहे तो उद्याही असणारच. तसे नाही. १७९४ साली कॅप्टन जॉर्ज व्हँकूव्हर यांच्या मोहिमेतील लोक या ठिकाणी आले, तेव्हा खाडी जवळजवळ नव्हतीच. किनारा केवळ आठ किलोमीटर आत गेला होता आणि पुढे प्रचंड बर्फ होता. १८७९ साली जॉन म्यूर हे निसर्गअभ्यासक आले. तोपर्यंत बर्फ सुमारे पन्नास किलोमीटर मागे हटला होता. १९१६ पर्यंत तो जवळजवळ शंभर किलोमीटर मागे गेला. चाचांचे जहाज ज्या पाण्यावरून गेले, तेथे पूर्वी बर्फ होता!

ही माघार सुरू झाली, तेव्हा आजच्याएवढे कारखाने व मोटारी नव्हत्या. काही शतकांचा थंड काळ त्या सुमारास संपत होता. म्हणून या खाडीतल्या सगळ्या बदलाचा दोष आजच्या तापमानवाढीला देणे बरोबर होणार नाही. जॉन्स हॉपकिन्स नावाची हिमनदी तर विसाव्या शतकात पुढे सरकत होती. पण तापमानवाढीने आज अलास्कातील बहुतेक हिमनद्या आटत आहेत, हेही खरे आहे. हे कशावरून कळते? मोजमापांवरून, आणि जुन्या फोटोंवरूनही.

जॉन म्यूर यांचेच नाव असलेली म्यूर हिमनदी याच उद्यानात आहे. १३ ऑगस्ट १९४१ रोजी विल्यम फील्ड या अभ्यासकाने तिचा एक फोटो काढला. त्यात दरी बर्फाने काठोकाठ भरलेली आहे. ३१ ऑगस्ट २००४ रोजी ब्रूस मोल्निया हे भूशास्त्रज्ञ त्याच जागी उभे राहिले आणि त्यांनी त्याच दिशेने फोटो काढला. बर्फाच्या जागी समुद्राचे पाणी आहे. उघड्या उतारांवर हिरवी झुडपे उगवली आहेत. त्रेसष्ट वर्षांत हिमनदीचे टोक सुमारे बारा किलोमीटर मागे गेले होते. फील्ड यांनी तारीख आणि जागा नोंदवली नसती, तर त्यांचा फोटोही चाचांच्या त्या सत्तावीस फोटोंसारखाच झाला असता. पांढरा डोंगर, करडे पाणी.

आता मोबाईलमध्ये तारीख आपोआप नोंदली जाते. ठिकाणही नोंदता येते. पण एकाकडून दुसऱ्याकडे फोटो पाठवताना ही माहिती पुष्कळदा गळून पडते. शिवाय कांदे चिरता चिरता कोण धावत आले आणि आवाज मागून आला, हे मोबाईल कोठून लिहिणार? ते तुम्हांलाच लिहावे लागते. लांबलचक निबंध नको. कोठे, केव्हा, बरोबर कोण, आणि फोटोत न दिसणारी एक गोष्ट : थंडी, वास, आवाज, कोणाचे तरी बोलणे. 'खूप मजा आली' असे लिहू नका. ते कोणत्याही फोटोमागे चालते.

त्या रविवारी आम्ही सत्तावीस फोटोंपैकी तीन ओळखू शकलो. त्यांतली डोंगराची कड मार्जरीच्या फोटोतल्या कडेशी जुळली. चोवीस राहिले.

सर्वांत शेवटच्या फोटोत बर्फ नव्हता. डेकवर पांढरा ॲप्रन घातलेले दोघे उभे होते. एक तरुण चाचा. दुसरा कोण, ते मागे लिहिले नव्हते. चाचा फोटोकडे पाहत राहिले. "माझ्या शेजारीच उभा राहून काम करायचा," ते म्हणाले. "नाव... नाव काही येत नाही. पण खूप हसायचा."

नातीने पेन्सिल घेतली. फोटो उलटा केला आणि उर्दूत लिहिले : "१९९८, अलास्का. दादाजानच्या शेजारी काम करायचा. खूप हसायचा." मग थोडी जागा मोकळी सोडून तिने पेन्सिल खाली ठेवली.

"ही कशाला सोडलीस?" मी विचारले.

"नाव आठवले तर," ती म्हणाली.