पुणे परिसराचा विस्तार आणि दूरध्वनीचे क्षेत्र-संकेतांक : ०२१२ ते ०२०

प्रस्तावना :

नगरविकासाचा अभ्यास करताना महानगरपालिकेची हद्द, विकास आराखडा, लोकसंख्या आणि वाहतूक यांचा विचार सामान्यतः होतो. दूरध्वनीच्या संकेतांकाने आखलेली हद्द मात्र अभ्यासकांच्या नजरेतून बहुधा निसटते. वस्तुतः मोबाईल घरोघरी पोहोचण्यापूर्वी कोणते गाव शहराच्या आत आणि कोणते बाहेरगाव, हे सामान्य माणसाला आणि विशेषतः लहान उद्योजकाला याच हद्दीने दरमहा बिलातून जाणवून दिले. पुणे परिसर हे त्याचे बोलके उदाहरण होय.

संकेतांकामागील गणित :

प्रारंभी परगावी बोलण्यासाठी ट्रंक कॉल नोंदवून ऑपरेटरची वाट पाहावी लागे. ग्राहकाला स्वतः परगावचा क्रमांक फिरवता येण्याची सोय, म्हणजेच एस.टी.डी., भारतात १९६० मध्ये लखनौ-कानपूर या मार्गावर प्रथम सुरू झाली. यंत्राने आपणहून मार्ग शोधायचा तर प्रत्येक ठिकाणाला स्वतंत्र संकेतांक देणे क्रमप्राप्त होते. त्यासाठी देशाची विभागणी ३२२ दीर्घ अंतर आकारणी क्षेत्रांत व सुमारे २६०० लघु अंतर आकारणी क्षेत्रांत करण्यात आली. लघु क्षेत्र स्थूलमानाने तालुक्याएवढे असते आणि संकेतांक या क्षेत्राचा असतो, गावाचा किंवा शहराचा नव्हे. पुढील सर्व गुंतागुंतीचे मूळ येथे आहे.

संकेतांकातील आरंभीचे शून्य हे केवळ 'बाहेर जायचे आहे' असे यंत्राला सांगणारे चिन्ह असते. ते वगळता उरलेला संकेतांक आणि ग्राहक क्रमांक यांच्या अंकांची बेरीज ठरलेली असते. परिणामी संकेतांक जितका लांब, तितका स्थानिक क्रमांक आखूड. मुंबईस २२, दिल्लीस ११, कोलकात्यास ३३ आणि चेन्नईस ४४ असे दोन अंकी संकेतांक मिळाले, ते या महानगरांना क्रमांकांची अधिक जागा हवी होती म्हणून. पुण्याचा संकेतांक २१२, म्हणजे तीन अंकी होता व त्यास जोडून सहा अंकी क्रमांक असत. सहा अंकांतून दहा लक्ष क्रमांक तयार होतात. परंतु ० बाहेरगावासाठी आणि १ विशेष सेवांसाठी राखीव असल्याने आरंभीचे दोन अंक बाद होऊन प्रत्यक्षात आठ लक्षच उरतात. प्रत्येक केंद्रासाठी क्रमांकांचे गट अगोदरच वेगळे ठेवावे लागत असल्यामुळे तेही सर्वच्या सर्व वापरता येत नाहीत.

१९९० च्या दशकात पुण्याचा संकेतांक ०२१२ ऐवजी ०२० झाला आणि ग्राहक क्रमांक सात अंकी झाले. हा बदल फुकटचा नव्हता. एखाद्या शहराला २० हा संकेतांक दिला की २०० पासून २०९ पर्यंतचे दहाही तीन अंकी संकेतांक कायमचे अडतात. अन्यथा यंत्राला संकेतांक कोठे संपला हे कळणार नाही. बंगळूरचे ०८१२ चे ०८०, हैदराबादचे ०८४२ चे ०४० आणि अहमदाबादचे ०२७२ चे ०७९ झाले, तेही याच कारणाने. दुकानांच्या पाट्या, लेटरहेड आणि लग्नपत्रिका बदलण्याचा भुर्दंड अर्थातच ज्याचा त्याने सोसला.

हद्दीचा प्रश्न :

राज्याच्या वा भाषेच्या सीमा या रचनेने मुळातच मानलेल्या नाहीत. महाराष्ट्राचा बराच भाग ०२ मध्ये येतो, तर विदर्भ मध्य प्रदेशासमवेत ०७ मध्ये आहे (नागपूर ०७१२, अमरावती ०७२१). बेळगाव ०८३१ आणि गोवा ०८३२ असा शेजारही त्यातूनच आला. पुण्यापुरते पाहता पिंपरी-चिंचवड आणि हिंजवडी ०२० मध्ये आहेत. परंतु लोणावळा ०२११४, बारामती ०२११२, शिरूर ०२१३८ आणि चाकण ०२१३५ असे उरले.

यांतील चाकणचे उदाहरण विशेष विचारार्ह आहे. भोसरीच्या कारखान्यांना सुटे भाग पुरविणारा चाकणचा उद्योजक व्यवहाराने पुण्याचाच होता, दूरध्वनीच्या लेखी मात्र खेड तालुक्याचा. एस.टी.डी.चा आकार दोन व्यक्तींमधील प्रत्यक्ष अंतरावर नव्हे, तर दोन आकारणी केंद्रांमधील अंतराच्या टप्प्यांवर ठरे. त्यामुळे हद्दीलगतच्या दोन शेजाऱ्यांचे संभाषण 'लांबचे' ठरू शकत असे. पुढे शेजारच्या क्षेत्रांना सवलती मिळाल्या, तरी तोपर्यंत तालुक्याच्या जुन्या महसुली रेषेचा दंड नव्या औद्योगिक पट्ट्याने भरला होता. २००१ मध्ये वायरलेस लोकल लूप सेवेला परवानगी देताना तिचा फिरता वापर लघु आकारणी क्षेत्रापुरताच मर्यादित करण्यात आला, तेव्हा हीच रेषा बिनतारी सेवेवरही लादली गेली. हवेतील लहरींना तालुक्याची वेस घालणे हा प्रकार विलक्षणच म्हणावा लागेल.

दहा अंकी व्यवस्था आणि नंतर :

१९९३ च्या राष्ट्रीय क्रमांकन योजनेची जागा २००३ च्या योजनेने घेतली. बेरीज दहा अंकांवर गेली आणि सरकारी कंपन्यांच्या जुन्या क्रमांकांपूर्वी २ हा अंक लागून पुण्याचे क्रमांक आठ अंकी झाले. खासगी कंपन्यांना अन्य आरंभीचे अंक मिळाल्यामुळे स्थानिक क्रमांकाचा पहिला अंक सेवा कोणाची हे सांगू लागला. १ मार्च २००६ पासून सरकारी कंपन्यांनी देशभर मिनिटास एक रुपया दराची 'वन इंडिया' योजना आणली आणि अंतर या घटकाचे आर्थिक महत्त्व झपाट्याने ओसरले.

रेषा मात्र राहिली. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२५ मध्ये केलेल्या शिफारशींत स्थिर दूरध्वनीची क्रमांकरचना लघु आकारणी क्षेत्राऐवजी परवाना सेवा क्षेत्राच्या पातळीवर नेण्याचे सुचविले आहे. तसे झाल्यास ग्राहकाचा क्रमांक बदलणार नाही. परंतु एका स्थिर दूरध्वनीवरून दुसऱ्यावर बोलताना शून्यासह संकेतांक प्रत्येक वेळी फिरवावा लागेल, मग तो चाकणहून भोसरीला असो वा सदाशिव पेठेतून शेजारच्या नारायण पेठेत.