शहाण्णव खड्ड्यांची प्लेट

प्लास्टिकची पारदर्शक प्लेट, तळहातावर मावेल एवढी. आठ ओळी, ओळीत बारा वेल, म्हणजे खड्डे. हंगेरीच्या जुला टाकाची यांनी 1951 साली फ्लूच्या चाचण्यांसाठी असे खड्डे कोरले. आज कुठलंही नवं प्रतिजैविक रोग्यापर्यंत पोचण्याच्या कितीतरी आधी या खड्ड्यांत उतरतं.

पहिल्या वेलमध्ये औषध 64 मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, पुढे 32, 16, 8, निम्मं निम्मं करत. प्रत्येक वेलमध्ये मिलिलिटरमागे सुमारे पाच लाख जंतू. मग 35 अंशांवर 16 ते 20 तास. सकाळी गढूळ वेल संपून जिथे पहिला स्वच्छ वेल लागतो, तो आकडा म्हणजे एमआयसी, जंतूची वाढ रोखणारं औषधाचं किमान प्रमाण. सोबत इ. कोलाय 25922 हा ओळखीचा जंतू बसवतात; त्याचा आकडा ठरलेल्या पट्ट्याबाहेर गेला, तर त्या दिवशीचे आकडे धरत नाहीत. एका पायरीचा फरक चाचणीच्या चुकीतच जमा होतो, त्यामुळे 2 आणि 4 वरून औषधांची तुलना करणाऱ्या जाहिराती मी तरी मनावर घेत नाही.

मला कुतूहल आहे ते वेलमधल्या ब्रॉथचं, म्हणजे ज्या द्रवात जंतू वाढतात त्याचं. गोमांसाचा अर्क, पचवलेलं केसीन आणि स्टार्च. हार्वर्डमध्ये जॉन म्युलर आणि जेन हिंटन यांनी 1941 साली हे माध्यम बनवलं ते गोनोकॉकस आणि मेनिंगोकॉकस हे जंतू वाढवायला. औषधं तपासण्याचं काम त्याच्या गळ्यात नंतर पडलं. हिंटनबाई पुढे पशुवैद्य झाल्या.

हा ब्रॉथ निकालात हात घालतो. डॅप्टोमायसिन या प्रतिजैविकाला कॅल्शियम जास्त लागतं, म्हणून ते मिलिलिटरमागे 50 मायक्रोग्रॅमपर्यंत वाढवतात. सेफिडेरोकॉल जंतूच्या लोह ओढून घेण्याच्या वाटेनेच आत शिरतं. त्यासाठी ब्रॉथमधलं लोह आधी काढावं लागतं. खरी पंचाईत जस्ताची. नवी दिल्लीचं नाव चिकटलेलं एनडीएम हे विकर जस्तावर चालतं आणि मेरोपेनेमसारखी औषधं फोडतं. ब्रॉथमध्ये जस्त भरपूर, शरीरात मोकळं जस्त अगदी थोडं. प्लेटवर मेरोपेनेमला न जुमानणारे काही एनडीएमवाले जंतू उंदराच्या मांडीतल्या संसर्गात त्याच औषधाने बरेच कमी झालेले संशोधकांनी पाहिले आहेत. म्हणून कुणी जस्त बांधून ठेवलेला ब्रॉथ वापरून बघतात. मेरोपेनेमची प्रमाणित चाचणी मात्र नेहमीच्याच ब्रॉथमध्ये होते, कारण तो बदलला तर आजवर जमवलेले आकडे नव्यांशी ताडून पाहता येणार नाहीत.