दिसते तेवढ्यातच थांबता आले पाहिजे
आंधळ्या वळणावरची सायकल आणि आपण सारे

गेल्या पावसाळ्यात शाळा सुटल्यावर आपल्या मागच्या फाटकाजवळ एक अपघात झाला. सातवीतला एक विद्यार्थी सायकलवरून घरी निघाला होता. शाळेच्या गडग्याचा कोपरा तो डावीकडे वळला आणि समोर एक आजी आल्या. त्या नातवाला न्यायला येत होत्या. मुलगा आपल्या डाव्या बाजूनेच होता. आजीही कडेनेच चालत होत्या. पण दोघे एकमेकांना दिसले तेव्हा ब्रेक दाबून उपयोग नव्हता. आजींचे मनगट मोडले. मुलाला थोडे खरचटले, पण पुढचे आठ दिवस त्याने सायकलला हात लावला नाही.

त्यानंतरच्या पालक-शिक्षक सभेत काही पालकांनी सायकलींना शाळेत बंदी घालावी असे सुचवले. त्यांची काळजी आम्ही समजू शकतो. मात्र दूरच्या वाड्यांवरून येणाऱ्या अनेक मुलांना सायकलीशिवाय दुसरे साधन नाही. म्हणून विश्वस्त मंडळाने काही शिक्षक, पालक आणि नववीचे विद्यार्थी असा एक गट नेमला आणि आधी नीट पाहणी करा असे सांगितले. त्या पाहणीत आम्हांला जे समजले ते येथे देत आहोत.

आंधळे वळण कशाने होते?

वळणापलीकडचे दिसत नाही, ते आंधळे वळण. आपल्या गावात अशी वळणे कितीतरी आहेत. रस्ते अरुंद, दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, त्यांवर जास्वंदीची कुंपणे. पाऊस सुरू झाला की गवत वाढते आणि उन्हाळ्यात मोकळा दिसणारा कोपरा श्रावणात बंद होतो. खाजनातल्या बांधावरून येणाऱ्या मुलांना तर खारफुटीच्या झुडपांमुळे पुढची दहा पावले दिसत नाहीत. याच वाटांवरून पायी चालणारे, सायकलवाले, स्कूटरवाले आणि गुरे असे सगळेच जातात.

यात एक गोष्ट मोठ्यांच्या लक्षात येत नाही. साडेचार फुटांच्या गडग्यावरून उभ्या माणसाला पलीकडचे दिसते. सायकलवर बसलेल्या पाचवीतल्या मुलाचे डोळे त्याहून खाली असतात. त्याला पलीकडचे दिसत नाही आणि पलीकडच्याला तोही दिसत नाही. म्हणून वळण आंधळे आहे की नाही, हे मुलाच्या उंचीवर वाकून ठरवावे लागते.

थांबायला किती जागा लागते?

नववीच्या विद्यार्थ्यांनी विज्ञानाच्या पुस्तकातील गतीचे समीकरण घेऊन हा हिशोब केला. समोर कोणी दिसल्यापासून बोटे ब्रेकवर घट्ट होईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. त्या सेकंदात सायकल आहे त्याच वेगाने पुढे जात असते. त्यानंतर ब्रेक लागू लागतो. कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकने दर सेकंदाला सेकंदी ३ मीटर एवढा वेग कमी होतो असे आम्ही धरले. ओल्या रस्त्यावर त्याच्या निम्मा धरला.

ताशी १० किलोमीटर वेग असेल तर कोरड्या रस्त्यावर थांबायला सुमारे ४ मीटर लागतात, ओल्या रस्त्यावर साडेपाच. ताशी १५ ला कोरड्यावर ७ मीटर, ओल्यावर १०. ताशी २० ला कोरड्यावर ११ मीटर आणि ओल्यावर तब्बल १६. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चौपट होते, आणि धडकेचा जोरही तसाच वाढतो. ताशी १० म्हणजे सावकाश धावणाऱ्या माणसाचा वेग. शेजारून धावणाऱ्या मित्राने सहज बरोबर यावे एवढाच.

मग फीत घेऊन आम्ही मागच्या कोपऱ्यावर गेलो. फितीचे एक टोक धरायला तो सातवीतला मुलगा स्वतःहून आला. दोन सायकलवाले आपापल्या डाव्या बाजूने आले तर ते एकमेकांना १२ मीटरवर दिसतात. दोघांचा वेग ताशी १५ असेल तर कोरड्या रस्त्यावरही दोघांना मिळून १४ मीटर लागतात. म्हणजे धडक ठरलेली. दोघेही ताशी १० ने आले तर भर पावसातसुद्धा ११ मीटरमध्ये थांबतात.

आजी होत्या त्या जागी, गडग्याला लागून, एकाला उभे केले. तो सायकलवाल्याला केवळ ८ मीटरवर दिसला. त्या दिवशी पाऊस होता. ताशी १५ च्या वेगाला पावसात १० मीटर लागतात. मुलगा काही भरधाव नव्हता. एरवीच्या वेगाने चालला होता, पण तो वेग त्या कोपऱ्याला जास्त होता. सगळ्या पाहणीतून निघालेला नियम एवढाच : जेवढे दिसते, तेवढ्यातच थांबता आले पाहिजे.

डावी बाजू पाळूनही?

रस्ता उजवीकडे वळत असेल तेव्हा डावीकडे राहणारा वळणाच्या बाहेरच्या कडेला असतो. त्याला लांबचे दिसते. अशा वेळी उजवीकडून आखूड वाट काढण्याचा मोह होतो, पण तो थेट समोरच्याच्या अंगावर नेतो. रस्ता डावीकडे वळत असेल तेव्हा डावीकडे राहणारा आतल्या कडेला, गडग्याजवळ असतो. त्याला सर्वांत कमी दिसते. म्हणून डाव्या वळणावर वेग अधिक कमी हवा. तेथे नीट दिसावे म्हणून मध्ये जाऊ नये.

पायी चालणाऱ्यांना आपण शिकवतो की पदपथ नसेल तर उजव्या कडेने चाला, म्हणजे समोरून येणारी वाहने दिसतात. नियम चांगलाच आहे. आजी तोच पाळत होत्या. पण तीव्र उजव्या वळणावर तीच कड आतली होते आणि चालणारा गडग्याआड लपतो. ब्रिटनमध्येही वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात. तेथील 'हायवे कोड'मध्ये पादचाऱ्यांना सांगितले आहे की तीव्र उजव्या वळणाच्या बरेच आधी रस्ता ओलांडून दुसऱ्या कडेला जाणे अधिक सुरक्षित ठरू शकते. वळण संपल्यावर पुन्हा आपल्या बाजूला यावे. आपल्याकडेही हे शिकवायला हवे. त्याच पुस्तिकेत २०२२ साली आणखी एक तत्त्व घालण्यात आले : ज्याच्यामुळे दुसऱ्याला जास्त इजा होऊ शकते, त्याची जबाबदारी जास्त. स्कूटरवाल्याने सायकलवाल्याला सांभाळावे आणि सायकलवाल्याने पायी चालणाऱ्याला.

पोदेराचा भोंपू आणि कोपऱ्यावरचा आरसा

सकाळी पोदेर भोंपू वाजवत येतो तो पाव विकण्यासाठी. पण त्यामुळे तो वळणाआड असतानाच सर्वांना कळतो. आपण घंटी वाजवतो ती माणूस समोर आल्यावर, तोही दचकेल अशी. घंटी वळणाच्या आधी वाजवायची असते, एकदा आणि स्पष्ट. तिचा अर्थ "बाजूला व्हा" असा नाही, "मी येत आहे" असा आहे. घंटी वाजवली म्हणून वेग तोच ठेवता येत नाही. पलीकडच्याला कमी ऐकू येत असेल, पावसाचा आवाज मोठा असेल. आपले कानही मोकळे हवेत. विजेवरच्या स्कूटरचा आवाज आधीच फार कमी, त्यात कानात गाणी असली तर काहीच कळत नाही.

गावात काही वळणांवर बहिर्गोल आरसे लावलेले आहेत. त्यांचा उपयोग होतो, पण त्यांत प्रतिमा लहान दिसते. त्यामुळे येणारे वाहन आहे त्यापेक्षा दूर वाटते आणि त्याचा वेग कळत नाही. डावे-उजवेही उलटे दिसते. पावसात आरशावर थेंब साचतात. आरशात कोणी दिसले तर थांबावे. कोणी दिसले नाही म्हणून वेग मात्र वाढवू नये.

विद्यार्थ्यांसाठी

* वळणाआधी, सायकल सरळ असतानाच वेग कमी करा. सायकल कललेली असताना जोरात ब्रेक दाबला की चाक सरकते. शेवाळ, लाल माती आणि ओल्या पानांवर तर हमखास.
* दोन्ही ब्रेक एकत्र आणि हळूहळू दाबा. पावसात रिम ओली असते, तिच्यावरचे पाणी पुसले जाईपर्यंत ब्रेक नीट धरत नाही. म्हणून वळण येण्यापूर्वीच ब्रेक हलके लावून पाहा.
* वळणावर एकामागे एक चला. कोणालाही मागे टाकू नका. मोटार वाहनांच्या २०१७ च्या नियमांतही वळणामुळे पुढचे दिसत नसेल तेथे ओव्हरटेक करण्यास मनाई आहे. आपणही तेच पाळावे.
* बांधावरच्या खारफुटीजवळ उतरून सायकल हातात धरून चाला. खारफुटीला कायद्याचे संरक्षण आहे, ती परवानगीशिवाय तोडता येत नाही. तेथे वळण मोकळे करता येणार नाही, म्हणून आपणच बदलायचे.

पालकांसाठी

पावसाळ्यापूर्वी ब्रेकचे रबर बदलून घ्यावे. झिजलेल्या रबरापुढे वरचा सगळा हिशोब फोल आहे. घंटी, मागचा लाल परावर्तक आणि संध्याकाळसाठी दिवा असावा. सायकल मुलाच्या उंचीची घ्यावी. "पुढे वाढेल" म्हणून घेतलेल्या मोठ्या सायकलवर बोटे ब्रेकपर्यंत नीट पोहोचत नाहीत. आणि मुलांना न्यायला येताना स्कूटर मागच्या कोपऱ्यावर उभी करू नये. ज्या कोपऱ्यावर आधीच दिसत नाही, तेथे आपण आणखी एक आडोसा उभा करतो.

विश्वस्त मंडळास विनंती

तो कोपरा आंधळा झाला आहे तो आपल्याच गडग्यामुळे. रस्ता पंचायतीचा असला तरी गडगा शाळेचा आहे. कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन मीटर लांबीत चिऱ्यांचे वरचे थर काढून तो दोन फुटांवर आणावा आणि तेथील जास्वंद आत हलवावी. एवढे केले तर मुलाच्या उंचीवरूनही पलीकडचे दिसेल. तोपर्यंत शाळा सुटताना पायी जाणाऱ्यांना आधी सोडावे आणि सायकलवाल्यांना पाच मिनिटांनी. आरशासाठी पंचायतीकडे अर्ज करावा, पण आरसा येईपर्यंत गडगा तसाच ठेवू नये.

सायकल बंद केली तर आपल्या फाटकावरचा धोका कमी झाल्यासारखा वाटेल. पण मुले त्याच वाटेने पायी येतील, कोपरा तसाच राहील आणि वळणाआडून दुसरे कोणीतरी येत राहील. म्हणून बंदीऐवजी गडग्याचे काम येत्या पावसाच्या आधी व्हावे, अशी आमच्या गटाची एकमताने विनंती आहे.