जुन्या मोटारीच्या इंजिनातील टायमिंग चेनचा आवाज : कारणे, निदान व दुरुस्ती
(शिरूर तालुक्यातील १.३ लिटर डिझेल इंजिनाच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

निमोण्यासारख्या गावात जुनी डिझेल मोटार ही चैनीची वस्तू नव्हे. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत कामास जाणे, शिरूरचा बाजार, रात्रीअपरात्री रुग्णास दवाखान्यात नेणे अशी अनेक कामे तिच्यावर अवलंबून असतात. अशा मोटारीच्या इंजिनातून सकाळी सुरू करताना येणारी खडखड 'डिझेल आहे, आवाज करणारच' असे म्हणून सोडून दिली जाते. सदर आवाज टायमिंग चेनचा असल्यास ही उपेक्षा संपूर्ण इंजिनास मारक ठरू शकते. प्रस्तुत लेखात या आवाजाची कारणमीमांसा, निदान व दुरुस्ती यांचा विचार केला आहे.

विवेचनासाठी निवडलेले इंजिन या तालुक्यास परके नाही. फियाट कंपनीचे १२४८ घनसेंटिमीटरचे 'मल्टिजेट' डिझेल इंजिन २००३ मध्ये युरोपात आले. २००७ मध्ये ते मारुती स्विफ्टमध्ये, २००८ मध्ये टाटा इंडिका व्हिस्टात व २००९ मध्ये फियाट लिनियात बसविले गेले. स्विफ्टसाठी ते मानेसर येथे तयार होत असे, तर फियाट व टाटा यांच्या संयुक्त कारखान्यात म्हणजे शिरूर तालुक्यातीलच रांजणगाव येथे त्याची निर्मिती होत होती. जानेवारी २०१२ मधील करारान्वये रांजणगावहून मारुतीलाही ही इंजिने पुरविली जाऊ लागली. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ निकष लागू झाले आणि भारतात या इंजिनाचे पर्व संपले. म्हणजे आज रस्त्यावर असलेले असे प्रत्येक इंजिन वयस्क आहे आणि पहिल्या काही वर्षांतील मोटारींनी नोंदणीची १५ वर्षे केव्हाच ओलांडली आहेत.

चेनचे कार्य व झीज

क्रँकशाफ्टची गती कॅमशाफ्टला पोहोचविणे हे टायमिंग चेनचे कार्य होय. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टची एक फेरी होते आणि त्यानुसार झडपा उघडतात व मिटतात. डिझेल इंजिनात दाब अधिक लागत असल्याने पिस्टन वर आलेला असताना झडप व पिस्टन यांमध्ये अत्यल्प अंतर उरते. चेनने दात सोडले तर झडप पिस्टनवर आदळते. पुढे रॉकर, झडपा, कधी पिस्टनही, असे नुकसान होत जाते.

चेन 'ताणली जाते' असा शब्दप्रयोग रूढ आहे. तो शास्त्रीयदृष्ट्या सैल आहे. चेनच्या पट्ट्या लांबत नाहीत. कड्या जोडणाऱ्या पिना व त्यांची भोके झिजतात आणि प्रत्येक सांध्यातील सूक्ष्म पोकळीची बेरीज लांबीत दिसते. निव्वळ उदाहरणादाखल, दोन कड्यांमधील अंतर ८ मिलिमीटर आणि कॅमच्या चक्रास ३८ दात धरू. या चक्राचा परीघ ३०४ मिलिमीटर होतो. ताणाच्या बाजूच्या ५० सांध्यांपैकी प्रत्येक केवळ ०.०२ मिलिमीटर झिजला तरी एकूण वाढ १ मिलिमीटर होते. त्यामुळे कॅमशाफ्ट सुमारे १.२ अंश, म्हणजेच क्रँकशाफ्टच्या मापाने सुमारे २.४ अंश मागे पडतो.

येथे जुन्या व नव्या इंजिनांतील एक महत्त्वाचा भेद ध्यानात घ्यावा लागतो. कुर्ल्यात तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीतही चेनच होती. कॅमशाफ्ट खाली इंजिन ब्लॉकमध्ये असल्याने ती आखूड होती. ठिणगी देणारा डिस्ट्रिब्युटरही कॅमशाफ्टवरच चाले. म्हणून चेन झिजली की ठिणगीही उशिरा पडे, गाडी 'ओढत नाही' हे चालकास लगेच कळे. मल्टिजेटमध्ये इंधन फवारणीची वेळ संगणक क्रँकशाफ्टच्या संवेदकावरून ठरवितो. झडपांची वेळ ढळली तरी फवारणी योग्य क्षणीच होत राहते व गाडी बरीचशी पूर्ववत चालते. संगणकाने दोष जणू झाकून ठेवलेला असतो आणि चालकाच्या वाट्याला आवाज हीच पूर्वसूचना उरते.

निदान

चेनवरील ताण तेलाच्या दाबावर चालणारा टेन्शनर राखतो. रात्रभर गाडी उभी राहिल्यावर त्यातील तेल ओसरते. सकाळी दाब तयार होईपर्यंत चेन गाइडवर आपटते. दोन-तीन सेकंदांत थांबणारी खडखड बहुधा टेन्शनर वा तेल यांकडे निर्देश करते. इंजिन तापल्यावरही मंद गतीत आवाज टिकून राहिल्यास चेन झिजली आहे अथवा गाइड तुटला आहे असे समजावे व गाडी चालविणे थांबवावे.

मात्र केवळ कानावर विसंबणे योग्य नाही. इंजेक्टरची ठकठक, अल्टरनेटरचे बेअरिंग, बाहेरील पट्ट्याचा रोलर यांचे आवाज सहज फसवितात. पट्टा काढून इंजिन काही सेकंदच चालविल्यास बाहेरील भाग वगळता येतात. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक चेनच्या झाकणावर व मूठ कानाशी धरण्याची मिस्त्र्यांची पद्धत आजही उपयुक्त आहे. जोडीला स्कॅनरवर क्रँक व कॅम यांच्या स्थितींतील तफावत पाहावी. पी ००१६ हा संकेत मिळाल्यास संशय बळावतो. तो मिळाला नाही म्हणून चेन निर्दोष ठरत नाही, कारण संकेत येण्यास बरीच तफावत व्हावी लागते.

दुरुस्ती

आवाज दडविण्यासाठी जाड तेल ओतण्याचा उपाय सर्रास सुचविला जातो. तो घातक आहे. जाड तेल थंड असताना टेन्शनरपर्यंत उशिरा पोहोचते, म्हणजे ज्या क्षणी चेनला आधार हवा त्याच क्षणी तो मिळत नाही. मूळ झीजदेखील बहुतांशी तेलामुळेच होते. डिझेल इंजिनाच्या तेलात काजळी मिसळते. तेल बदलण्यास विलंब झाल्यास ती पिनांवर घासणीचे काम करते. पुणे जिल्ह्याच्या या पर्जन्यछायेतील धुळीच्या रस्त्यांवर हवेची जाळी व तेल दोन्ही वेळेआधी बदलणे हितावह आहे.

चेन एकटी बदलू नये. जुन्या चक्राचे दात झिजलेले असतात व ते नवी चेन लवकर खातात. यास्तव चेन, चक्रे, गाइड, टेन्शनर व क्रँकचे ऑइल सील असा पूर्ण संच घ्यावा. काम सुरू करण्यापूर्वी क्रँकशाफ्ट व कॅमशाफ्ट त्या इंजिनासाठीच्या विशिष्ट पिनांनी जागेवर बांधावे लागतात. खडूच्या खुणेवर हे काम करणारे गॅरेज टाळावे, मजुरी कितीही कमी असो. इंजिनास खालून आधार देऊन झाकण काढावे. बसविताना सिलिकॉनचा थर पातळच असावा. जादा सिलिकॉन आत सुटून तेल ओढणाऱ्या जाळीत अडकते आणि दुरुस्तीतूनच नवा बिघाड जन्मतो.

टेन्शनरचा अडसर काढल्यावर व बांधणीच्या पिना सोडल्यावर क्रँकशाफ्ट हाताने, पान्याने, पूर्ण दोन फेऱ्या फिरवावा. कोठे अडकल्यास जोर न लावता पुन्हा तपासावे. दोन फेऱ्यांनंतर पिना सहज बसल्या तरच जुळणी बरोबर आहे. त्यानंतर पुस्तिकेत नमूद केलेल्या दर्जाचे नवे तेल व फिल्टर घालून, इंधन बंद ठेवून स्टार्टरने इंजिन थोडा वेळ फिरवावे. टेन्शनरमध्ये तेल भरल्यावरच ते सुरू करावे. पहिल्या सुरुवातीस क्षणभर आवाज येऊ शकतो. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, मालकाने स्वतः उभे राहून ते पुन्हा सुरू करवून ऐकावे व मगच गाडी ताब्यात घ्यावी.