गाडी उभी, इंजिन मात्र पळतंय

जुन्या पेट्रोल गाडीचं इंजिन तापल्यावर न्यूट्रलमध्ये साधारण 800 ते 900 आरपीएमवर चालायला हवं. ते 1500वर अडकलं, तर आधी अ‍ॅक्सिलरेटरची केबल ताणलेली नाही ना, ते पाहा. मग व्हॅक्यूमच्या रबरी नळ्या. वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं त्या कडक होऊन तडकतात, फटीतून जास्तीची हवा आत शिरते. बारीक ‘स्स’ असा आवाजही येतो. पंख्यापासून हात लांब ठेवून एकेक नळी दाबा; आरपीएम उतरले, की फट सापडली. इंजेक्शनच्या गाड्यांत काजळी धरलेला आयडल व्हॉल्व्ह किंवा बिघडलेला तापमान सेन्सरही कारण असतो. नुसता आयडलचा स्क्रू फिरवणं मला चुकीचं वाटतं. दोष तसाच राहतो. आणि फट शोधायला इंजिनावर पेट्रोल कधीही शिंपडू नका.