एडन : वाटेवर वसलेले बंदर

२० मार्च १८३० रोजी ‘ह्यू लिंडसे’ नावाची आगबोट मुंबईहून सुएझकडे निघाली. मुंबईच्याच गोदीत बांधलेली, ४११ टनांची. तिच्या पोटात साडेपाच दिवस पुरेल एवढाच कोळसा मावायचा आणि पहिला थांबा, एडन, होता अकरा दिवसांच्या वाटेवर. मग कोठारात मावेना तो कोळसा उतारूंच्या खोल्यांत भरला. त्या भाराने बोट पाण्यात पार खचली. अकराव्या दिवशी ती एडनला लागली तेव्हा जेमतेम सहा तास पुरेल इतका कोळसा उरला होता.

एडनमध्ये तिच्यासाठी आधीच शिडाच्या जहाजाने कोळसा पाठवून ठेवलेला होता. पण तो बोटीवर चढवायला पुरेसे हमाल मिळेनात आणि त्यात दिवस मोडले. म्हणजे जागा होती, मालही होता, पण बंदर नव्हते. पुढच्या सव्वाशे वर्षांत तिथे जगातल्या गजबजलेल्या बंदरांपैकी एक कसे उभे राहिले आणि मग ते ओस कसे पडत गेले, हे पाहिले की बंदर नावाची गोष्ट चालते कशी ते कळते.

आगबोटीचा हिशेब

शिडाच्या जहाजाला वारा फुकट मिळे. त्याबदल्यात वाऱ्याच्या मर्जीने चालावे लागे. आगबोट वाऱ्याविरुद्धही जाई, पण तिला रोज खायला लागे. शिवाय बोटीत एक टन कोळसा जास्त भरला की एक टन माल कमी. भाडे मिळते मालाचे, कोळशाचे नव्हे. म्हणून बोटवाल्याला वाटेत ठरावीक टप्प्यांवर कोळसा मिळायला हवा असे. जितके थांबे खात्रीचे, तितकी कोळशाची कोठी लहान आणि मालाची मोठी.

आता नकाशा पाहा. मुंबईहून एडन सुमारे १,६५० सागरी मैल. तिथून सुएझ आणखी सुमारे १,३०० मैल. तांबड्या समुद्राचे तोंड म्हणजे बाब-अल-मंदेबची सामुद्रधुनी. एडन तिच्या पूर्वेला साधारण पावणेदोनशे किलोमीटरवर. मुंबई–सुएझ वाटेवर याहून सोयीचा टप्पा शोधूनही सापडला नसता.

नुसते अंतर जुळून भागत नाही, आडोसाही लागतो. एडन हा विझलेल्या ज्वालामुखीचा डोंगर आहे, जमिनीला एका अरुंद पट्टीने जोडलेला. समोर पश्चिमेला तसाच दुसरा डोंगर, त्याला ‘छोटे एडन’ म्हणतात. खेकड्याने दोन नांग्या पुढे कराव्यात तसे हे दोन डोंगर समुद्रात शिरले आहेत आणि त्यांच्या मधोमध खोल, शांत पाणी आहे. जुने गाव मात्र ज्वालामुखीच्या मुखातच वसलेले. आजही त्या वस्तीला ‘क्रेटर’ म्हणतात.

ठाण्याची गलबते

ही जागा इंग्रजांनी शोधली असे मात्र नाही. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात हिचा उल्लेख आहे. भारताची जहाजे सरळ मिसरला जात नसत आणि मिसरची भारताला येत नसत, त्या काळात दोघांचा माल इथेच गाठ घेई, असे त्यात म्हटले आहे. चौदाव्या शतकात इब्न बतूता इथे आला. एडनला मोठी जहाजे कुठून येतात याची त्याने यादी दिली आहे आणि तीत खंबायत, कालिकत यांच्या जोडीला ठाणे आहे आणि सिंदाबूर, म्हणजे गोवाही आहे.

१५१३ मध्ये पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने एडनवर हल्ला केला, तो फसला. १५३८ मध्ये तुर्कांनी ते घेतले. पुढे येमेनच्या कॉफीचा व्यापार मोखा बंदराने ओढला आणि एडन मागे पडले. १८३९ साली तिथे जेमतेम सहाशे माणसांची वस्ती उरली होती. जागा तीच, डोंगर तोच, खोल पाणीही तेच. वाट सरकली, एवढेच झाले.

‘ह्यू लिंडसे’नंतर वाट पुन्हा एडनकडे वळली. १८३७ मध्ये ‘दर्या दौलत’ हे इंग्रजी निशाणाचे जहाज एडनजवळ फुटले आणि लुटले गेले. कंपनी सरकारला निमित्त मिळाले. कॅप्टन स्टॅफर्ड हेन्स बोलणी करायला गेला, ती फिसकटली. १९ जानेवारी १८३९ रोजी मुंबईहून आलेल्या तुकडीने एडन घेतले. व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीत इंग्रजांनी मिळवलेला हा पहिला मुलूख. तो चालवायला दिला मुंबई सरकारकडे.

पाणी, मांस, कोळसा

बोटीला हवे ते सगळे बंदरात असावे लागते आणि एडनमध्ये यातले काहीच पिकत नव्हते. पाऊस इतका थोडा की कुठले झाड सावलीपुरतेही वाढू नये. डोंगराच्या घळीत खडकात खोदलेली जुनी कुंडे गाळाने भरून गेली होती. १८५० च्या दशकात ती उपसून दुरुस्त केली, पण पाऊसच नसेल तर कुंडाचे काय? मग समुद्राचे पाणी उकळून त्याची वाफ थंड करणारी यंत्रे बसवली. ती यंत्रेही कोळशावर चालत. एडनमध्ये प्यायचे पाणीसुद्धा कोळशातून काढावे लागे.

मांस यायचे समोरच्या आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून. बर्बेराहून मेंढ्या गलबतात घालून आणत. आणि कोळसा? तो यायचा थेट वेल्सहून, शिडाच्या जहाजांतून, आफ्रिकेला वळसा घालून. आगबोटींना लागणारा कोळसा फुकटच्या वाऱ्यावर आणणेच स्वस्त पडे!

बोट नांगर टाकून उभी राहिली की कोळशाने भरलेले पडाव तिला चिकटत. फळ्या टाकल्या जात. येमेनच्या डोंगरांतले आणि सोमाली हमाल पोती घेऊन चढत, रिकामे होऊन उतरत, रात्रीसुद्धा. उतारू खिडक्या घट्ट लावून बसत, तरी काळी भुकटी आत यायचीच. १८३० मध्ये जे काम माणसांअभावी अडले होते, त्यासाठी आता हजारो हातांची वस्ती तयार झाली. दोन दशकांत लोकसंख्या वीस हजारांच्या पुढे गेली.

जकात उठली

इथपर्यंत एडन हा नुसता थांबा होता. त्याची बाजारपेठ झाली १८५० मध्ये, जेव्हा ते खुले बंदर जाहीर झाले. येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर जकात नाही.

याचा अर्थ एका उदाहरणाने पाहू. समजा, सोमाली किनाऱ्यावरून एक गलबत दोनशे कातडी घेऊन आले. एवढ्याशा मालासाठी लंडनची आगबोट थांबणार नाही. एडनचा व्यापारी ती विकत घेतो, प्रतवारी करतो, आपल्या वखारीत ठेवतो. अशी पन्नास गलबते येऊन गेली की आगबोटीजोगा ढीग होतो. दरम्यान माल सहा महिने पडून राहिला तरी चालतो, कारण त्यावर सरकारचे देणे नाही. गलबतवालाही रिकामा परतत नाही. मुंबईच्या गिरण्यांचे कापड, तांदूळ, साखर, घासलेट घेऊन जातो. म्हणजे मोठ्या बोटीने आणलेला ढीग इथे फुटतो आणि छोट्या गलबतांनी आणलेल्या चिमटी इथे साठतात. पुनर्निर्यातीचा सगळा धंदा हाच.

जकात घेणाऱ्या मोख्याला या स्पर्धेत टिकता आले नाही. येमेनची कॉफी उंटांच्या तांड्यांनी एडनला येऊ लागली. १८८० मध्ये फ्रेंच कवी आर्थर रँबो इथे आला तो कविता लिहायला नव्हे, एका फ्रेंच पेढीत कॉफीची निवडणी सांभाळायला. एडनचे स्वतःचे म्हणावे असे एकच पीक होते : मीठ. ऊन आणि समुद्र यांना तोटा नव्हता. मिठागरांत पाणी चढवायला पवनचक्क्या लावल्या आणि ते मीठ पार कलकत्त्यापर्यंत जाई.

१७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझचा कालवा उघडला. तोवर सुएझला उतरून, जमिनीवरून जाऊन पुन्हा बोट धरावी लागे. आता युरोपातून निघालेली बोट सरळ मुंबईला, सिंगापूरला, ऑस्ट्रेलियाला जाऊ लागली आणि जाता-येता तिला एडन लागेच. १८७० मध्ये सुएझहून एडनमार्गे मुंबईला समुद्राखालून तार आली. व्यापाऱ्याला भाव त्याच दिवशी कळू लागला. बोटवाल्याला पुढचा हुकूम एडनलाच मिळू लागला.

मुंबईचे एक टोक

या काळातले एडन आपल्याला वाटते त्याहून जवळचे होते. ते मुंबई इलाख्यात होते, १९३२ पर्यंत. १९३७ मध्ये ते हिंदुस्थानपासून वेगळे काढले गेले, तरी बाजारात रुपया १९५१ पर्यंत चालला. पलटणी मुंबई फौजेच्या, कायदे मुंबईचे, गुजराती वाणी, बोहरी आणि पारशी पेढ्या. कोळसा आणि जहाजांच्या धंद्यात कावसजी दिनशॉ यांची पेढी इतकी मोठी झाली की ते घराणे ‘एडनवाला’ म्हणूनच ओळखले जाऊ लागले. पुढे धीरूभाई अंबानींनीही नोकरी आणि व्यापाराचे पहिले धडे इथेच गिरवले. १९५८ मध्ये ते मुंबईला परतले.

इलाख्याचे शहर म्हटल्यावर इलाख्याचे कैदीही आलेच. वासुदेव बळवंत फडके यांना जन्मठेप झाल्यावर एडनला धाडले ते म्हणूनच. तुरुंगाचे दार बिजागरीतून उखडून ते एकदा निसटले, पण पुन्हा पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी त्यांनी तिथेच देह ठेवला.

आणि ताबा मिळाल्यावर एडनचा कारभार पाहून ज्याने हे बंदर उभे केले त्या कॅप्टन हेन्सचे काय? हिशेबात तूट निघाली म्हणून त्याला मुंबईला बोलावून खटला भरला. अफरातफरीच्या आरोपातून तो सुटला, पण तुटीची रक्कम भरता येईना म्हणून वर्षानुवर्षे मुंबईच्या तुरुंगात राहिला. १८६० मध्ये सुटका झाली आणि काही दिवसांतच मुंबई बंदरात, बोटीवरच तो वारला.

तेलाची भरभराट आणि ओहोटी

पहिल्या महायुद्धानंतर बोटी कोळशावरून तेलावर आल्या. अशा बदलात पुष्कळ कोळसा-थांबे संपले. बाब-अल-मंदेबमधल्या पेरिम बेटावर १८८३ पासून एडनला टक्कर देणारे कोळशाचे ठाणे होते, ते १९३६ मध्ये बंद पडले. एडन टिकले, कारण तिथे वखारी होत्या, बाजार होता, पेढ्या होत्या आणि त्यांनी तेलाच्या टाक्या बांधल्या. १९५१ मध्ये इराणने आपले तेल राष्ट्रीय मालकीचे केल्यावर ब्रिटिश कंपनीला नवी जागा हवी झाली आणि १९५४ मध्ये छोट्या एडनवर तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला. १९५० च्या दशकाच्या अखेरीस एडनची गणना जगातल्या सर्वांत व्यग्र बंदरांत होत होती. बोट तेल भरेपर्यंत उतारू स्टीमर पॉइंटला उतरत आणि करमुक्त घड्याळे, कॅमेरे, रेडिओ घेऊन परतत.

मग एका वर्षात दोन घाव बसले. जून १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धात सुएझ कालवा बंद झाला, तो आठ वर्षांनी उघडला. आणि नोव्हेंबर १९६७ मध्ये, सशस्त्र लढ्यानंतर, इंग्रज एडन सोडून गेले. पेढ्या उठल्या, व्यापारी गेले. कालवा पुन्हा उघडला तोवर जगच बदलले होते. उतारू विमानाने जाऊ लागले होते. नवी जहाजे एकदा तेल भरले की वाटेत न थांबता अर्धे जग पार करत होती. त्यांना एडनची गरजच उरली नव्हती.

तरी जागेचे मोल संपले नव्हते. १९९९ मध्ये तिथे कंटेनर टर्मिनल सुरू झाले. कल्पना जुनीच होती : मोठ्या जहाजाने कंटेनर इथे उतरवायचे, लहान जहाजांनी ते पूर्व आफ्रिकेला पोचवायचे. गलबतांच्या जागी आता फीडर जहाजे. पण ऑक्टोबर २००० मध्ये एडन बंदरातच ‘कोल’ या अमेरिकी युद्धनौकेवर हल्ला झाला आणि दोन वर्षांनी येमेनच्या किनाऱ्याजवळ ‘लिंबर्ग’ या तेलवाहू जहाजावर. विमा कंपन्यांनी येमेनला जाणाऱ्या जहाजांचे हप्ते भरमसाट वाढवले. जहाजवाल्याने साधा हिशेब केला : जास्तीचा हप्ता भरण्यापेक्षा ओमानचे सलालाह किंवा समोरचे जिबुती बरे. टर्मिनल चालवणारी परदेशी कंपनीही निघून गेली. २०१५ मध्ये येमेनच्या यादवीची लढाई शहरात शिरली. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनमधल्या हूथी बंडखोरांच्या हल्ल्यांमुळे पुष्कळ जहाजांनी तांबडा समुद्रच टाळला आणि वेल्सचा कोळसा ज्या वाटेने येई त्याच, आफ्रिकेच्या वळशाच्या वाटेने ती जाऊ लागली.

बंदराला जागा निसर्ग देतो. पाणी, इंधन, हमाल, वखार, उधारी हे सारे माणसांना जमवावे लागते. आणि आपल्या मालाला इथे धक्का लागणार नाही हा भरवसा सर्वांत सावकाश जमतो आणि सर्वांत आधी उडतो. एडनमध्ये डोंगर आणि खोल पाणी अजून तसेच आहे.

पारशी व्यापाऱ्यांनी एडनमध्ये अग्यारी बांधली होती. वस्ती उठल्यावर तिथला पवित्र अग्नी सांभाळणारे कोणी उरले नाही. १९७६ च्या नोव्हेंबरमध्ये तो न विझवता विमानाने मुंबईला आणला गेला. आज तो लोणावळ्याच्या अग्यारीत तेवतो आहे.